लग्नाला तारीख आहे, प्रश्नाला नाही

एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देते.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या. ख्रिस्ती. गेली एकोणीस वर्षं मंडळीत (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) संडे स्कूल शिकवतात. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि तेव्हापासून त्याला त्यांनीच वाढवलं. रात्री झोपण्याआधी प्रार्थना करायलाही त्यांनीच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी त्याने आपण समलिंगी असल्याचं ताईंना सांगितलं. ताईंनी उपास धरले, चार जणांना प्रार्थनेला बसवलं आणि ‘यातून बाहेर काढणाऱ्या’ एका समुपदेशकाकडे त्याला पाठवलं. ताईंच्या शब्दाखातर तो आठ महिने जात राहिला. मग नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेला आणि बोलणं नाताळ आणि वाढदिवसापुरतं उरलं. आता तो तिथल्या कायद्याप्रमाणे, तिथल्या एका चर्चमध्ये, एका पुरुषाशी लग्न करतो आहे. त्याने लिहिलंय, ‘ताई, तू ये. आणि पहिल्या करिंथकरांचा तेरावा अध्याय तू वाच.’ (बायबलमधला प्रीतीबद्दलचा अध्याय, लग्नात नेहमी वाचला जाणारा.)

पती म्हणतात, गुपचूप जाऊन ये. पाळक म्हणतात, जाणं म्हणजे संमती देणं. गेलात तर संडे स्कूलचा विचार करावा लागेल, असंही त्यांनी सुचवलंय. ताई विचारतात: “शास्त्र इतकं स्पष्ट असताना एवढ्या मंडळ्या बदलल्या कशा? त्या भरकटल्या, की मी मागे राहिले? तो अविवाहित राहिला असता तर काय बिघडलं असतं? आई असती तर काय म्हणाली असती? शेवटी शास्त्र खरं मानू की भाऊ? महिनाअखेर त्याला कळवायचं आहे.”

*

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, हे एका प्रश्नाचं पत्र आहे. दुसऱ्यांदा लक्षात आलं की तुम्ही निदान चार प्रश्नांची एकच गाठ मारली आहे आणि ती महिनाअखेरपर्यंत एका ओढीत सुटावी अशी तुमची अपेक्षा आहे. समलिंगी विवाह देवाला मान्य आहे का, हा एक प्रश्न. लग्नाला जायचं का, हा दुसरा. तिथे उभं राहून वचन वाचायचं का, हा तिसरा. आणि चौथा तुम्ही विचारलेलाच नाही. त्याच्याकडे मी नंतर येईन, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लग्नाला तारीख आहे. पहिल्या प्रश्नाला तारीख नाही. ज्यावर जगभरातल्या मंडळ्या काही दशकं वाद घालत आहेत, सिनॉड (धर्मसभा) भरवत आहेत, फुटत आहेत, त्याचा निकाल तुम्ही एकटीने या महिन्यात लावावा अशी सक्ती तुमच्यावर कोणी केली? ती तुम्हीच स्वतःवर केलीय. ‘आधी सिद्धांत ठरला पाहिजे, मगच भावाला उत्तर देता येईल’ हे तुम्ही गृहीत धरलंय. ते मला पटत नाही. तो नऊ वर्षांचा असताना तुम्ही त्याला कुशीत घेतलंत, तेव्हा कुठला सिद्धांत ठरवून घेतला होता?

पण तुम्ही शास्त्र गांभीर्याने घेणाऱ्या आहात. ‘शास्त्र राहू दे, भाऊ बघ’ असं सांगून मी मोकळी झाले तर तो तुमचा अपमान होईल. म्हणून आधी शास्त्राकडेच जाऊ. मी धर्मशास्त्राची पंडित नाही, पण या विषयावर दोन्ही बाजूंचं वाचत आले आहे. माझं स्वतःचं मत इथे मुद्दाम मांडत नाही. मांडलं तर तुम्ही ते पाळकांच्या मताशेजारी ठेवाल आणि मतमोजणी सुरू कराल.

पारंपरिक बाजूचा युक्तिवाद पाच-सात वचनांवर उभा आहे असं अनेकदा सांगितलं जातं. ते अपुरं आहे. त्या बाजूचे अभ्यासक उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांपासून सुरुवात करतात: नर आणि नारी अशी उत्पत्ती, मग ‘दोघं एकदेह होतील’. घटस्फोटाबद्दल विचारल्यावर येशूने हीच दोन वचनं पुढे केली (मत्तय १९). इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल याच नात्यात ख्रिस्त आणि मंडळी यांची प्रतिमा पाहतो. म्हणजे त्यांच्या लेखी स्त्री-पुरुष भेद ही विवाहातली किरकोळ अट नाही, विवाहाचा अर्थच त्यात आहे. शिवाय समलिंगी संबंधांचा उल्लेख शास्त्रात जिथे जिथे येतो तिथे तो नकारार्थीच येतो. रोमकरांच्या पहिल्या अध्यायात स्त्रियांचाही उल्लेख आहे, त्यामुळे ‘पौल फक्त मुलांच्या शोषणाबद्दल बोलत होता’ हे उत्तर तिथे पुरत नाही. हे सगळं वजनदार आहे. ‘पारंपरिक मत धरणारे सगळे द्वेष्टे’ असं म्हणणाऱ्यांनी ते नीट वाचलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. सदोमची गोष्ट घ्या, जी या वादात सर्वात आधी काढली जाते. तिथे गावातले पुरुष दारात जमून परक्या पाहुण्यांवर बलात्कार करू पाहतात. दोन माणसांच्या एकनिष्ठ सहजीवनाबद्दल त्यातून काय ठरवणार? सदोमचा अपराध कोणता, हे यहेज्केल संदेष्ट्याने सोळाव्या अध्यायात सांगितलंय: गर्व, भरपेट अन्न, सुखासीनता आणि तरीही दीनदुबळ्यांना हात न देणं. (पुढच्याच वचनात ‘अमंगळ कृत्यं’ असा शब्द येतो, तेव्हा पारंपरिक बाजूलाही तिथे म्हणायला जागा आहे. मी झाकून ठेवत नाही.) ‘लेवीय’ या पुस्तकातली पुरुषांमधल्या संबंधांवरची मनाई इस्राएलला इतर राष्ट्रांपासून वेगळं राखणाऱ्या पावित्र्याच्या नियमांमध्ये येते. त्या नियमांतले कुठले आज लागू आणि कुठले नाहीत, हे ख्रिस्ती माणूस प्रत्येक पानावर ठरवत असतोच.

आणि मग पहिल्या करिंथकरांच्या सहाव्या अध्यायातले, देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांच्या यादीतले ते दोन ग्रीक शब्द. ‘मलाकोई’ म्हणजे शब्दशः मऊ. मत्तयच्या अकराव्या अध्यायात हाच शब्द राजवाड्यातल्या मऊ कपड्यांसाठी आलाय. ‘आर्सेनोकोइताय’ हा पौलाच्या आधी जवळपास कुठेच सापडत नाही, बहुधा त्यानेच जोडून केलेला शब्द. ‘पुरुष’ आणि ‘अंथरूण’ हे दोन्ही तुकडे लेवीयच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात शेजारी शेजारी आहेत आणि पौलाच्या मनात तेच असणार, असं पारंपरिक अभ्यासक म्हणतात. हा त्यांचा मुद्दा जोरकस आहे. दुसऱ्या बाजूचे विचारतात की पौलाच्या जगात असे संबंध म्हणजे बहुतेकदा मालक आणि गुलाम, प्रौढ आणि पोर, गिऱ्हाईक आणि विकला गेलेला मुलगा. दोन समान प्रौढांची आयुष्यभराची शपथ त्याच्या डोळ्यांसमोर होती का? ‘समलिंगी’ ही माणसाची एक जात म्हणून ओळखणारा युरोपीय शब्दच मुळी १८६९ मध्ये जर्मनमध्ये पहिल्यांदा छापला गेला. इंग्रजी बायबलमध्ये तो १९४६ च्या एका आवृत्तीत शिरला. म्हणजे आपण भाषांतरात जे वाचतो त्यातला काही भाग भाषांतरकाराने केलेली निवड असते. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबल करायचं ठरवलं तेव्हा त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबल्या नाहीत. तुम्हाला ग्रीक शिका म्हणत नाही. पण ‘शास्त्र स्पष्ट आहे’ हे वाक्य उच्चारण्याआधी एकदा तीन-चार भाषांतरं शेजारी ठेवून तेच वचन वाचा.

या बाजूचा मला सर्वात विचार करायला लावणारा युक्तिवाद मात्र शब्दांचा नाही, षंढांचा आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात त्यांना परमेश्वराच्या मंडळीत यायला मनाई आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देव त्यांना पुत्र आणि कन्यांपेक्षा श्रेष्ठ नाव देण्याचं वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाला रस्त्यात रथात बसलेला हबशी षंढ भेटतो आणि विचारतो, बाप्तिस्मा घ्यायला मला काय अडचण आहे? फिलिप्प पाण्यात उतरतो. ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी ते शास्त्राच्या आतच उघडत गेलं, असं हे वाचन म्हणतं. यावर उत्तर असं येतं की स्वागत सगळ्यांचं आहे, पण त्यामुळे लैंगिक नीती बदलत नाही. पौलाने विदेश्यांची सुंता माफ केली, व्यभिचार माफ केला नाही.

तुम्ही विचारलंत, इतक्या मंडळ्या बदलल्या कशा. नेदरलँड्समध्ये २००१ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला, त्यानंतर देश बदलत गेले. मंडळ्या वेगळ्या वाटेने, सावकाश बदलल्या. चर्च ऑफ स्वीडनने २००९ मध्ये, अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने २०१५ मध्ये, चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ मध्ये असे विवाह लावायला परवानगी दिली. युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये मनाईचे नियम काढले, पण त्याआधीच्या काही वर्षांत हजारो मंडळ्या त्यातून बाहेर पडल्या होत्या. उलट बाजूला ऑर्थोडॉक्स चर्च, बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्या आणि अँग्लिकन बिशपांचा, विवाह स्त्री-पुरुषांचाच असं सांगणारा १९९८ चा लँबेथ ठराव. कॅथलिक चर्चने १८ डिसेंबर २०२३ च्या घोषणापत्रात अशा जोडप्यांना उपासनाविधीबाहेर आशीर्वाद द्यायला मुभा दिली आणि त्याच कागदात विवाहाची शिकवण बदललेली नाही हेही लिहिलं. आता यातले भरकटलेले कोण आणि मागे राहिलेले कोण? तुमच्या प्रश्नात दोनच खाने आहेत. गुडघ्यावर बसून, तेच पुस्तक उघडून, वेगळ्या ठिकाणी पोचलेली माणसं मला दोन्हीकडे दिसतात. काही जण वाऱ्याबरोबर वळले असतील, काही जण नुसत्या सवयीने थांबले असतील, तेही दोन्हीकडे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजच्या घडीला ‘मला अजून माहीत नाही’ किंवा ‘मला पारंपरिक मत बरोबर वाटतं, पण पूर्वीइतकं निश्चित नाही’ असं असू शकतं. पत्रावरून मला तुम्ही दुसऱ्या वाक्याच्या जवळ दिसता. एवढं उत्तर खूप झालं. हे टाळणं नव्हे. पौलाने रोमकरांच्या चौदाव्या अध्यायात अन्न आणि सणावारांवरून भांडणाऱ्यांना ‘ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी’ असं सांगितलं. समलिंगी विवाह त्या जातीचा प्रश्न आहे का, यावरही वाद आहे, पण खात्री उसनी घेऊ नये हे तर कुणीही मान्य करेल.

तुमच्या अविवाहित राहण्याच्या वाक्यापाशी मी जरा अडले. ‘काय बिघडलं असतं?’ हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्या घरात पती होते. ब्रह्मचर्य हे दान आहे आणि ते सगळ्यांना मिळत नाही, असं पौल म्हणतो. ज्यांना दिलं आहे त्यांनीच ते पेलावं, असं येशूही म्हणतो. विश्वासापोटी, विचार करून अविवाहित राहिलेले समलिंगी ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती वाट त्यांनी स्वतः धरलेली असते. दुसऱ्याच्या वतीने आपल्याला ती धरता येत नाही. आणि पारंपरिक मतावर ठाम असलेल्या मंडळीने आधी हे सांगावं: अविवाहित माणसासाठी आपल्याकडे काय आहे? तो आजारी पडला तर कोण जातं? नाताळच्या रात्री तो कुठे असतो? ‘एकटा राहा’ एवढंच सांगून जी मंडळी घरी जेवायला निघून जाते, तिने अर्धीच शिकवण दिलेली असते.

आईबद्दल फक्त एवढंच. गेलेल्या माणसांना आपण नेहमी आपल्याच बाजूने मत द्यायला लावतो. त्यांना यात ओढू नका.

आता तो चौथा प्रश्न. तुम्ही त्याला समुपदेशकाकडे पाठवल्याचं तुमच्या चार पानी पत्रात एका ओळीत आलंय, उपासाच्या आणि प्रार्थनेच्या मध्ये, जणू तेही त्यातलंच एक. ते तसं नाही, ताई. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जो आजार नाही त्यावर उपचार होत नाहीत. तसा प्रयत्न केला की होतं ते नुकसान: शरम, नैराश्य, कधी जीव देण्याचे विचार. हे फक्त डॉक्टर म्हणत नाहीत. ‘बदल घडवण्याचं’ काम करणारी ख्रिस्ती जगातली सर्वात मोठी संस्था, एक्सोडस इंटरनॅशनल, १९७६ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंद झाली. बंद करताना तिच्या प्रमुखाने, दुखावल्या गेलेल्या माणसांची जाहीर माफी मागितली. आज विवाहाबद्दल कडक पारंपरिक मत असणारे कितीतरी ख्रिस्तीसुद्धा या ‘बदलाच्या’ आश्वासनाला खोटं म्हणतात.

तुम्ही वाईट हेतूने पाठवलं नाहीत. तेव्हा तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही केलंत. पण तो आठ महिने गेला तो स्वतःसाठी नव्हे, तुमच्यासाठी. त्या आठ महिन्यांत त्या खोलीत त्याला काय काय ऐकावं लागलं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

ही माफी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून नाही. तुम्ही उद्या विवाहाबाबत पाळकांशी शंभर टक्के सहमत झालात तरी ती देणं लागता. आणि ती लग्नाच्या उत्तराला जोडू नका. ‘मी येत नाही, पण तेव्हाबद्दल सॉरी’ किंवा ‘मी येते, म्हणजे तेव्हाचं विसरून जा’, दोन्ही सौदे झाले. वेगळा फोन करा. स्पष्टीकरण देऊ नका, ‘मला तेव्हा वाटलं होतं की’ने सुरू होणारं वाक्य गिळून टाका. तो गप्प बसला तर बसू द्या. चिडला तर ऐका. एवढ्या वर्षांनी त्याने तुम्हाला बोलावलंय, म्हणजे दार त्याने उघडलंय. पण उंबरठ्यावर जे पडलंय ते उचलायचं काम तुमचं आहे.

हे झालं की लग्नाला जाण्याचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्याहून लहान होईल, असा माझा अंदाज आहे.

‘जाणं म्हणजे संमती देणं’ हे पाळकांचं वाक्य तपासून पाहा. तुम्ही आजवर इतर धर्मांतल्या मित्रमैत्रिणींच्या लग्नांना गेला असाल. त्यांच्या देवांना तुम्ही संमती दिलीत असं कोणी म्हणालं? घटस्फोटानंतरच्या एखाद्या लग्नाला गेला असाल. घटस्फोटाबद्दल येशू स्वतः, थेट बोललाय, आणि सौम्यपणे बोललेला नाही. तेव्हा कोणी तुमचं संडे स्कूल काढून घेतलं का? नसेल, तर नियम ‘जाणं म्हणजे संमती’ असा नाही. तो या एकाच लग्नापुरता केलेला आहे आणि त्याचं कारण पाळकांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ते म्हणतील, तिथे देवाचं नाव घेऊन विधी होणार आहे, म्हणून हे वेगळं. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मग चर्चा त्या मुद्द्यावर होऊ दे, सरसकट वाक्यावर नको.

मला इथे नामान आठवतो. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला अरामी सेनापती, यार्देनेत सात बुचकळ्या मारून कोडातून बरा झालेला. इस्राएलच्या देवावर विश्वास बसल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला एक अडचण सांगतो: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा व्हावी. अलीशा प्रवचन देत नाही. ‘शांतीने जा’ एवढंच म्हणतो. ज्या नात्याचा हात आपल्या हातावर टेकलेला असतो, त्याच्यासाठी माणूस मनाला न पटणाऱ्या जागीही उभा राहतो, आणि संदेष्ट्याला ते समजतं. (हा दाखला भावाला मात्र देऊ नका. आपल्या लग्नाची रिम्मोनाच्या देवळाशी तुलना झालेली कुठल्याही नवऱ्यामुलाला आवडणार नाही. तो तुमच्या मनाच्या बोचणीसाठी आहे.)

माझा सल्ला विचाराल तर जा. गुपचूप नको. पतींचा हेतू चांगला आहे, पण गुपचूप गेलात तर भावाच्या लग्नात तुम्ही चोरासारख्या बसाल, फोटो काढणाऱ्याकडे पाठ फिरवाल, आणि ते त्याला दिसेल. न जाण्याचा पर्यायही आहे आणि तो निवडणाऱ्या प्रत्येकाला मी निष्ठुर म्हणणार नाही. पण त्याची किंमत स्पष्ट पाहून निवडा. तुम्ही न गेल्याने त्याला तुमचा सिद्धांत कळणार नाही, तो त्याला केव्हाच माहीत आहे. कळेल एवढंच, की आईच्या जागी असलेली रिकामी खुर्ची या वेळी आपणहून रिकामी राहिली.

वाचनाचा प्रश्न वेगळा. हजर राहणं हे बहिणीचं काम, उपासनेत वचन वाचणं हे सहभागाचं. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणण्यात ढोंग नाही. तुमचं मन खरोखर अडत असेल तर त्याला सांगा: ‘मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. पण वेदीपाशी उभं राहून वाचायला माझं मन अजून तयार नाही आणि तुझ्या लग्नात मला खोटं उभं राहायचं नाही. त्याऐवजी आदल्या रात्री, तू लहान असताना करायचो तशी, तुझ्याबरोबर प्रार्थना करू का?’ त्याला वाईट वाटेल. वाटू द्या, घाईने सारवासारव करू नका.

आणि ‘नाही’ ठरवण्याआधी तो अध्याय पुन्हा एकदा वाचा, आधीच्या आणि नंतरच्या अध्यायासकट. आपण तो लग्नात वाचून वाचून नवराबायकोचा करून टाकलाय. पौलाने तो लिहिला होता कृपादानांवरून, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्यांवरून, एकमेकांशी भांडणाऱ्या, आपलंच खरं म्हणणाऱ्या मंडळीला. आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं, आता मला अंशतः कळतं, हेही त्यातच आहे. न पटणाऱ्या माणसांनी एकत्र कसं राहावं याचा तो अध्याय आहे. तो वाचायला विवाहाबद्दलचं मत आधी ठरलेलं असावं लागतं का, ते तुम्ही ठरवा. मला त्याची खात्री नाही.

पाळकांशी बोलायचं ते जाऊन आल्यावर नव्हे, आधी. परवानगी मागायला नको, कळवायला. ‘मी माझ्या भावाच्या लग्नाला जाते आहे. संडे स्कूलमध्ये मी मंडळीच्या शिकवणीविरुद्ध काही शिकवणार नाही. तरीही माझ्याकडून वर्ग काढून घ्यायचा असेल तर कारण लेखी द्या,’ इतकं शांतपणे सांगा. वर्ग जाऊ शकतो. एकोणीस वर्षांचं काम जाणं ही छोटी गोष्ट नाही आणि तसं होणार नाही अशी खोटी हमी मी देत नाही. मात्र वर्ग राहिला तर एक ध्यानात ठेवा. एकोणीस वर्षांत तुमच्यासमोर जी पोरं बसली, त्यात तुमच्या भावासारखी काही होतीच. ती तुमचा प्रत्येक सहज उद्गार ऐकत होती, सदोमच्या धड्याला कोण हसलं आणि ताई त्यावर काय म्हणाल्या, हेही. सिद्धांत न बदलताही त्या वर्गात चेष्टा होणार नाही, एवढं तुमच्या हातात आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ समलिंगी संबंधांना अमान्यच करतो, पण त्यातच या माणसांना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारावं आणि अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी असंही लिहिलंय. कडक मत असणाऱ्यांकडूनही एवढी अपेक्षा आहे.

ताईंसारखेच इतर कुणी हे वाचत असतील, तर दोन गोष्टी त्यांच्यासाठी. मुलाने किंवा भावंडाने नुकतंच सांगितलं असेल तर पहिल्या दिवशी वचनं काढू नका. त्याने ती तुमच्याआधी, एकट्याने, रात्री जागून शंभरदा वाचलेली असतात. आणि तुम्ही स्वतःच समलिंगी ख्रिस्ती असाल आणि ‘माझ्यासारख्याला देव घेत नाही’ या विचाराने जीव नकोसा झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडे किंवा एखाद्या विश्वासाच्या माणसाकडे जा. वाद आपला नंतर होईल. देव तुम्हाला घेतो की नाही, यावर तर दोन्ही बाजूंत वाद नाहीच.

ताई, एक शेवटचं. तुमच्या पत्रात ‘तो दुसरा मुलगा’ सहा वेळा आलाय, मी मोजलं. पत्रांमधली नावं छापण्याआधी मीच खोडते, पण तुमच्या पत्रात त्याच्या बाबतीत खोडायला काही नव्हतंच. भावाने लिहिलं असेल की नाव. नसेल तर फोनवर विचारा, आणि ते दोघं भेटले कसे, तेही.